बंदुकीचे माहेरपण

आपल्याकडच्या दुकानात पाऊल टाकले की गणपतीच्या तसबिरीखाली किंवा गल्ल्याच्या वर एक पाटी हमखास दिसते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' एखादा अधिक सावध दुकानदार तिला 'बदलूनही मिळणार नाही' असे शेपूट जोडतो. ही पाटी वाचून कुणाला राग येत नाही. लहानपणापासून ती आपल्या डोळ्यांच्या सवयीची झालेली असते. शिवाय तिच्यात व्यापाराचे एक सरळसोट तत्त्वज्ञान सामावलेले आहे. पैसे गल्ल्यात पडले, वस्तू पिशवीत गेली, संबंध संपला. लेकीची पाठवणी करताना म्हणतात ना, दिल्या घरी सुखी राहा. तसे दुकानदार प्रत्येक वस्तूला मनातल्या मनात म्हणत असतो. फरक एवढाच की, लेकीला दिवाळसणाला माहेर असते. वस्तूला माहेर नसते.

निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझी अशी समजूत होती. मग एके दिवशी आमच्या घरी मोटारीच्या कंपनीचे पत्र आले. अमुक ते अमुक महिन्यांत तयार झालेल्या गाड्यांत एक भाग सदोष असण्याचा संभव आहे, तरी आपली गाडी आणावी, तो भाग विनामूल्य बदलून मिळेल, तसदीबद्दल क्षमस्व, असा मजकूर होता. पत्र मोठ्याने वाचून होताच घरात तीन पक्ष पडले.

"म्हणजे इतके दिवस आपण त्या गाडीतून पोरांना घेऊन कोल्हापूरला जात होतो!" सौभाग्यवती म्हणाली.

"पण आई, त्यांनी आपण होऊन कळवलं ना? कंपनी चांगली आहे म्हणूनच कळवलं," चिरंजीव म्हणाले.

शेजारचे नाना तेवढ्यात वर्तमानपत्र परत करायला आले होते. त्यांनी पत्र हातात घेतले, चष्म्यातून वरखाली पाहिले आणि निकाल दिला, "कबूल केलं म्हणजे माल मुळातच वाईट. आमच्या गाडीचं बघा. पंधरा वर्षांत कंपनीचं एक पत्र नाही!"

भाग तासाभरात बदलून मिळाला. मधल्या वेळात चहाही मिळाला. प्रकरण तिथेच मिटले. पण नानांचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जो बोलला त्याचा माल वाईट आणि जो गप्प राहिला त्याचा चांगला, असाच जर गिऱ्हाइकाचा न्याय असेल, तर उद्या कोणता कारखानदार तोंड उघडील? मला या प्रश्नाचे सर्वांत अवघड उदाहरण शोधावेसे वाटले. पंखा सदोष निघाला तर फार तर उकडेल. घड्याळ बिघडले तर गाडी चुकेल. पण अशी कोणती वस्तू आहे की जिच्या दोषाला दुसरी संधी नसते? शोधता शोधता मी अमेरिकेतील बंदुकांच्या कारखान्यांपाशी येऊन पोहोचलो. मी स्वतः जन्मात बंदूक उचललेली नाही. आमच्या घराण्याचा शस्त्रांशी संबंध खंडेनवमीला विळी आणि पाटा पुजण्यापुरता. परंतु त्या कारखान्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना काढलेल्या सूचना वाचताना मला नानांचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे दिसत होता.

बंदुकीकडून शहाण्या माणसाची अपेक्षा एकच असते : विचारल्याशिवाय तिने बोलू नये. चाप ओढला तर गोळी सुटावी. खाली पडली, धक्का लागला, खटका सरकवला, तर सुटू नये. ही अपेक्षा मोडली की बंदूक सदोष ठरते. आता आपल्याला वाटेल, अशी बंदूक निघाली तर सरकार कारखानदाराचे कान धरून ती परत घ्यायला लावीत असेल. तसे नाही. अमेरिकेत १९७२ साली कायदा होऊन ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग स्थापन झाला. पाळणे, शिड्या, इस्त्र्या, खेळणी असल्या हजारो वस्तू त्याच्या कक्षेत आल्या. बंदुका मात्र पहिल्यापासूनच वगळल्या गेल्या आणि १९७६ साली आयोगाने बंदुकांना किंवा काडतुसांना आडकाठी करू नये, हे कायद्याने आणखी पक्के करण्यात आले. म्हणजे मौज अशी की, दिवाळीत आपल्या पोरांच्या हातात असते तसले टिकल्यांचे पिस्तूल तिथे सदोष निघाले तर हा आयोग ते बाजारातून परत मागवू शकतो. खऱ्या पिस्तुलाला तो हात लावू शकत नाही. खरी बंदूक परत बोलावायची की नाही, हे तिचा कारखानदार ठरवतो. त्याला कुणाचे भय असलेच तर ते न्यायालयाचे, आणि कुणाची लाज असलीच तर ती स्वतःची.

या दोहोंच्या ताणातून काय निष्पन्न होते, ते पाहण्यासाठी मी दोन जुन्या घराण्यांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवतो.

पहिले घराणे स्टर्म, रूगर कंपनीचे. ही कंपनी १९४९ साली कनेटिकट राज्यात सुरू झाली आणि १९५३ पासून तिने जुन्या काउबॉयांच्या धर्तीची रिव्हॉल्व्हरे काढली. सहा काडतुसांचे चक्र, वर घोडा. या जुन्या धाटणीत एक खोड होती आणि ती रूगरच्या आधीपासून, पाऊणशे वर्षांपासून जगाला ठाऊक होती. घोडा खाली टेकलेला असला म्हणजे त्याच्याखालच्या काडतुसावर तो जवळजवळ बसलेलाच असे. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर आपटले की गोळी सुटे. म्हणून जाणती माणसे सहा घरांपैकी घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत आणि पाचच काडतुसे भरीत. पण सगळीच माणसे जाणती नसतात. अपघात झाले, कज्जे झाले. १९७३ साली रूगरने रचना बदलली. घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक छोटी पट्टी आणली. चाप ओढला तरच ती पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोहोचवते. एरवी घोडा कितीही आपटो, ठोका पोहोचतच नाही.

नव्या मालाचे ठीक झाले, जुन्याचे काय? १९८२ साली कंपनीने जाहीर केले की, १९५३ ते १९७२ या काळातील आमचे जुने रिव्हॉल्व्हर कुणाकडेही असो, त्याने ते कारखान्यात पाठवावे, आम्ही नवी सुरक्षित रचना फुकट बसवून देऊ. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी ते आमंत्रण अजून उघडे आहे. खरेदीची पावती आजोबांच्या नावाची असली तरी चालते. नसली तरीही चालते.

तरीही गिऱ्हाईक खूष आहे असे समजू नका. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांना हे माहेरपण जाच वाटते. कारण मूळ भाग काढले की वस्तूचे मोल उतरते. शिवाय जुने रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच एखाद्या किरकोळ दुरुस्तीसाठी पाठवले, तरी कंपनी नवी रचना बसवल्याशिवाय ते परत करीत नाही. संग्राहक कुरकुरतात. नव्या रचनेने चाप पूर्वीइतका हळुवार लागत नाही, अशीही तक्रार असते. कंपनी यावर वाद घालीत बसत नाही. ती काम करते आणि काढलेले जुने भाग एका पुडीत घालून मालकाला परत पाठवते.

दुसरे घराणे याहून कितीतरी जुने : रेमिंग्टन. १८१६ साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेले. तिने १९६२ साली 'मॉडेल ७००' नावाची रायफल काढली आणि ती शिकाऱ्यांची इतकी लाडकी झाली की लाखांनी खपली. तिचा चाप माइक वॉकर नावाच्या, कंपनीतल्याच एका कुशल तंत्रज्ञाने आधीच्या रायफलींसाठी रचलेला होता. त्यात चापाला लागून एक लहानसा सुटा तुकडा असतो. गोळी सुटताना तो किंचित पुढे सरकतो आणि परत जागेवर येतो. त्यामुळे चाप अतिशय हलका आणि नेमका चालतो. परंतु त्या तुकड्यामागे कचऱ्याचा एखादा कण, थिजलेले तेल किंवा ओल शिरली आणि तुकडा पुरता जागेवर आला नाही, तर सेफ्टीचा खटका खाली करताच गोळी सुटू शकते, असा टीकाकारांचा आक्षेप. आणि सर्वांत आधी सावध करणारा होता स्वतः वॉकर. १९४६ साली, रायफल अजून बाजारात यायची होती तेव्हा, त्याने एका टिपणात सेफ्टीशी संबंधित धोक्याची शक्यता नोंदवली होती. १९४८ साली त्याने सुधारणाही सुचवली. तिचा खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट होता. सुधारणा झाली नाही.

ही टिपणे पुढे कज्ज्यांच्या निमित्ताने बाहेर आली. तशाच चापाच्या 'मॉडेल ६००' जातीच्या सुमारे दोन लाख रायफली कंपनीने १९७८ साली परत बोलावल्या; मॉडेल ७०० मात्र बोलावली नाही. का नाही, याचे उत्तर १९७९ सालच्या एका बैठकीच्या टिपणात आहे. त्यातला हिशेब असा : वीस लाख बंदुका गोळा कराव्या लागतील, तेव्हा कुठे तो दोष संभवणाऱ्या वीस हजार सापडतील. शंभरात एक.

हिशेब म्हणून त्यात खोट काढता येत नाही. कुठल्याही कारखान्याच्या मुनिमाने तो असाच मांडला असता. परंतु ज्या घरात ती रायफल भिंतीवर टांगलेली आहे, त्या घराला शंभरातली ती एक आपलीच आहे की काय हे कळण्याचा मार्ग कोणता? सुरुवातीच्या मॉडेल ७०० मध्ये आणखी एक गोष्ट होती. सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडत नसे; म्हणजे बंदूक रिकामी करायची तर आधी सेफ्टी खाली करावी लागे. १९८२ पासून ही रचना बदलली. पण तोवर लाखो रायफली घराघरांत गेलेल्या होत्या. २००० साली अशाच एका शिकारीहून परतलेल्या कुटुंबात आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी खाली केली आणि गोळी सुटली. समोर तिचा मुलगा होता. आपले बोट चापावर नव्हते, असे ती माउली सांगत राहिली. कंपनी अखेरपर्यंत म्हणत आली की, आमच्या रायफली सुरक्षित आहेत. अपघात होतात ते निगा न राखल्याने, चापात ढवळाढवळ केल्याने किंवा हाताळणीच्या निष्काळजीपणाने.

२००६ साली कंपनीने नव्या रचनेचा चाप आणला. दैवाची गंमत पाहा, त्यातही खोट निघाली. जोडणी करताना स्क्रू पक्के राहावेत म्हणून जो चिकट पदार्थ लावतात, तो काही चापांत जास्त लागला होता. ११ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने सूचना काढली : १ मे २००६ पासून ९ एप्रिल २०१४ पर्यंत या चापानिशी बनलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली वापरणे ताबडतोब थांबवा, स्वतः दुरुस्ती करू नका, आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासून, विशेष रीतीने स्वच्छ करून, चाचणी घेऊन परत करू. आपली रायफल त्यातली आहे की नाही हे ओळखण्याची खूणही दिली होती. चापाच्या तोंडावर उभ्या रेघा असतील तर तो जुना, गुळगुळीत असेल तर हा नवा. अंधारातही बोटाने ओळखता यावी अशी खूण! ज्याने कुणी ती लिहिली त्याला माझा नमस्कार. पण गुळगुळीत चापवाल्याने रायफल पाठवायची आणि रेघावाल्याने, ज्याच्या चापावर इतकी वर्षे वाद चालला होता त्याने, निर्धास्त राहायचे, असा त्या सूचनेचा अर्थ होत होता.

येथवर कारखानदाराची बाजू झाली. आता गिऱ्हाइकाच्या रागाकडे वळू. तो राग नानांच्या रागाचा सख्खा भाऊ आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू खोक्यात घालून पाठवायची, आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, हंगाम तोंडावर आला तरी पत्ता नाही, फोन करावा तर ताटकळत राहायचे. कुणाला संताप येणार नाही? काही कारखानदारांना हे उमगलेले आहे. रूगरने २००८ साली एका पिस्तुलाच्या बाबतीत सूचना काढली, तेव्हा दुरुस्त पिस्तुलाबरोबर एक जादा मॅगझीन भेट दिले. माहेरवाशिणीची ओटी भरून पाठवावी तसे! वस्तू क्षुल्लक, पण तुमचा खोळंबा झाला हे आम्हाला समजते, एवढे ती बोलते.

काहींनी उलट शब्दाचाच आसरा घेतला. सिग सावर कंपनीचे 'पी ३२०' पिस्तूल विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर आपटले तर उडते, असे २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये चाचण्यांतून उघड झाले. कंपनीने सर्वांना फुकट सुधारणा देऊ केली. मात्र तिला 'माल परत बोलावणे' म्हटले नाही. 'ऐच्छिक सुधारणा' म्हटले. चाप हलका करण्यात आला, आतले भाग बदलण्यात आले. पुढे २०१८ च्या जानेवारीत अमेरिकन संरक्षण खात्याचा अहवाल आला, त्यात लष्कराच्या चाचण्यांतही आपटण्याचा हा दोष दिसला होता आणि लष्करी पिस्तुलात तो दुरुस्त करण्यात आला होता, असे नमूद होते. साध्या गिऱ्हाइकाच्या मनात मग प्रश्न येणारच : शिपायाला आधी आणि मला मागून का? त्या पिस्तुलावरचे वाद नंतरही शमले नाहीत. चाप न ओढता ते उडाल्याचे दावे न्यायालयांत गेले, २०२४ साली दोन खटल्यांत ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिला. कंपनी ते आरोप नाकारत आली आहे. खरे-खोटे न्यायाधीश पाहतील. मला एवढेच दिसते की, 'ऐच्छिक' हा शब्द ऐकून माणूस पत्र बाजूला ठेवतो. 'धोका आहे' म्हटले म्हणजे उठतो.

आणि तरीही संतापलेले गिऱ्हाईक परवडले. पाठवतच नाही, ते गिऱ्हाईक अधिक काळजीचे. आमच्या मोटारीचे पत्र आमच्या दारी आले, कारण गाडीची नोंद सरकारदरबारी आमच्या नावे आहे. अमेरिकेत बंदुकींची अशी देशव्यापी नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. बंदूक बापाकडून लेकाकडे जाते, मित्राला विकली जाते, माळ्यावर पडते. कारखानदाराला मनापासून कळवायचे असले तरी कळवायचे कुणाला? त्याने चव्हाट्यावर उभे राहून ओरडावे, आणि ज्याच्या कानी पडेल त्याच्या पडावे, एवढेच हाती उरते.

रेमिंग्टनच्या प्रकरणात हे आकड्यांनीच दिसले. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर तडजोड झाली. दोष मान्य न करता कंपनीने सुमारे पंचाहत्तर लाख बंदुकांचे चाप फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. पहिल्या फेरीत अर्ज आले अडीच हजारांहूनही कमी. न्यायाधीशाने कान उपटले, तेव्हा रेडिओवरून आणि फेसबुकवरून पुन्हा दवंडी पिटण्यात आली. २०१७ च्या सुरुवातीला आकडा गेला बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे हजारी तीन! बाकीच्यांचे काय म्हणणे असेल, ते मी नानांना ओळखत असल्यामुळे सांगू शकतो : "आमच्या बंदुकीनं तीस वर्षांत कधी दगा दिला नाही." जो दोष शंभरात एकदा आणि त्यातही कधीमधी डोके वर काढतो, त्याच्याविषयी अनुभव हा फार वाईट साक्षीदार असतो. तो दर वेळी आरोपीच्या बाजूने साक्ष देतो.

त्या तडजोडीची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीने दोन वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळे काढले आणि दोन शतकांच्या त्या घराण्याची वाटणी होऊन तुकडे निरनिराळ्या हातांत गेले. रायफली मात्र आहेत तिथेच आहेत. लाकूड आणि पोलाद यांना दिवाळे ठाऊक नसते. माहेरचे दारच बंद झाले, लेकी तेवढ्या उरल्या.

आपल्याकडे २०१९ साली ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा झाला आणि धोकादायक माल परत बोलावण्याची आज्ञा करण्याचा अधिकार २०२० पासून एका केंद्रीय प्राधिकरणाला मिळाला. चांगले झाले. पण कायदा कारखानदाराला बोलते करील. नानांना ऐकते कोण करणार? ज्या दिवशी असे पत्र आले म्हणून आपण कारखानदाराला शिव्या देणार नाही, आणि आळस करून ते पत्र चिमट्याखाली अडकवूनही ठेवणार नाही, त्या दिवशी गप्प बसणे हे त्याला आजच्याइतके फायद्याचे राहणार नाही. साडेपाच सेंटांचा हिशेब करणारा मुनीम शेवटी आपल्याच वागणुकीवर नजर ठेवून आकडे मांडत असतो.

मला त्या सगळ्या कागदपत्रांत आवडली ती रूगरची पुडी. घोडा, चाप आणि चारदोन पोलादी तुकडे; वजन ते किती असणार! कंपनीला ती भट्टीत टाकता आली असती आणि चुकीचा पुरावाही तिच्याबरोबर वितळून गेला असता. त्याऐवजी ती पुडी बांधून घरी पाठवतात : हे तुमचे होते, हे आम्ही काढले, हे तुमच्यापाशी असू द्या. कुरकुरणारा संग्राहक ती कपाटात जपून ठेवतो. आणि रिव्हॉल्व्हर खाली पडले, तर गोळी सुटत नाही.